सामुदायिक मानसिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण आणि आपला विद्यार्थी

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी बँक भरती, स्पर्धा परीक्षा आणि संगणकाचे अभ्यासक्रम यांवर मार्गदर्शन होते. मी बँकेत लिपिक आहे, तेव्हा मी बँकेच्या परीक्षेवर बोलावे अशी कार्यकारिणीची अपेक्षा होती. मी विषय बदलून मागितला आणि तो मिळाला, याबद्दल प्रथम आभार मानते. बँकेच्या परीक्षेचे पुस्तक बाजारात मिळते. आज ज्या शिक्षणाविषयी बोलायचे आहे त्याचे नावसुद्धा आपल्या बी.ए.च्या मुलामुलींच्या कानावर पडलेले नसते, आणि त्या शिक्षणाची गरज मात्र आपल्या प्रत्येक गल्लीत आहे.

मी स्वतः कला शाखेची पदवीधर. बी.ए. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला आमच्या वेळी तीनच उत्तरे होती : बी.एड., बँक किंवा एमपीएससी. आजही फारसा फरक पडलेला नाही. मानसिक आरोग्य म्हटले की मुले म्हणतात, ते डॉक्टरांचे काम, त्याला एमबीबीएस लागते. मनोविकारतज्ज्ञ व्हायचे तर लागते, हे खरे. पण या क्षेत्रात डॉक्टरांइतकीच गरज असलेली दुसरी माणसे आहेत, ती कला शाखेतूनच तयार होतात, आणि त्यांची आपल्या देशात फार टंचाई आहे.

सामुदायिक मानसिक आरोग्य हा शब्द जड वाटतो, अर्थ सोपा आहे. रुग्णाला घरादारापासून तोडून लांबच्या मनोरुग्णालयात ठेवण्याऐवजी उपचार, औषध, समुपदेशन, कामधंदा आणि कुटुंबाला आधार हे सर्व तो राहतो तिथे पोहोचवायचे. आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. "तुला येरवड्याला पाठवीन" ही आपल्याकडे धमकी म्हणून वापरली जाते, यावरूनच त्या चार भिंतींविषयी लोकांच्या मनात काय आहे ते कळते. ज्या घरात आजार आहे ते घर तो लपवते. मुलीचे लग्न अडेल, भाऊबंद हसतील, शेजारी वेडा म्हणतील. मग कोणी म्हणते बाहेरचे आहे, कोणी म्हणते करणी केली. आपण विहारात अंधश्रद्धेविरुद्ध ठराव करतो, पण घरातली मुलगी आठ दिवस झोपली नाही आणि स्वतःशी बोलू लागली की आपल्यातलेही काही लोक गुपचूप देवऋष्याकडे जातात. मारून भूत उतरवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा आहे म्हणून ते घर रात्री अकरा वाजता कुठे जाईल याची सोय झालेली नाही.

२०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण चित्र काही वेगळे नसावे. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. दहा रुग्णांतले सात ते नऊ जण उपचाराविना. आत्महत्यांची आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मरणाऱ्यांत रोजंदारीवर काम करणारे एक चतुर्थांशाहून अधिक. हे रोजंदारीवाले कोण, हे या सभेत समजावून सांगायला नको.

आता मी माझ्या काउंटरवरचे सांगते, कारण हा विषय माझ्या डोक्यात तिथून आला. निराधार योजनेचे अनुदान काढायला एक बाई येत. त्यांची सही कधीच जुळायची नाही, चार स्लिपांवर चार तऱ्हेच्या सह्या. रांगेतले लोक कुजबुजायचे. त्यांच्या बहिणीने एकदा मला बाजूला घेऊन सांगितले की औषधाने हाताला कंप येतो. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी असा कंप येतो, डॉक्टरांना सांगितले तर मात्रा कमी-जास्त करता येते किंवा औषध बदलता येते. पण डॉक्टरांना हे सांगायचे असते हेच त्या घराला ठाऊक नव्हते. बाईंनी मध्ये दोन महिने औषध बंद करून पाहिले, कशासाठी, तर सही नीट यावी म्हणून. त्यापुढे काय झाले ते मी सांगत नाही, अंदाज करावा.

दुसरे प्रकरण एका वडिलांचे. त्यांच्या तरुण मुलाच्या नावावर थोडी रक्कम होती आणि मुलगा कित्येक वर्षे खोलीबाहेर पडलेला नव्हता. वडिलांना त्या पैशातून त्याचेच औषध आणायचे होते. "मी त्याचा बाप आहे, मला सही करू द्या," एवढीच त्यांची मागणी. कायद्याची गुंतागुंत पाहा. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याचे कलम होते, २०१७ च्या नव्या कायद्यात ते प्रकरणच नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचे प्रमाणपत्र मिळते, परंतु ते स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी, स्किझोफ्रेनियासाठी नाही. म्हणजे प्रौढ रुग्णाच्या बापाला शेवटी न्यायालयाची पायरी चढावी लागते. हे त्या माणसाला नीट समजावणारे, मुलाचे अपंगत्व प्रमाणपत्र काढून देणारे, मुलाला खोलीबाहेर आणण्यासाठी घरी जाऊन बसणारे कोणी होते का? डॉक्टरांच्या ओपीडीत त्यांना पाच मिनिटे मिळत. बँकेत मी त्यांना फॉर्म देऊ शकत होते. या दोन खिडक्यांच्या मध्ये जो माणूस हवा होता, त्याला मनोरुग्ण समाजकार्यकर्ता म्हणतात, इंग्रजी नाव सायकियाट्रिक सोशल वर्कर. आणि तो पदव्युत्तर शिक्षण घेऊन तयार होतो.

हे काम आपल्या देशात नवे नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले, तेच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, आपण ज्याला टिस म्हणतो. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलांसाठी बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केले. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. पन्नाशीच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावले. घरच्यांनी रुग्णाची काळजी घ्यायची, आजार समजून घ्यायचा, बरे वाटले की त्याला घेऊन घरी जायचे. जी जागा लोकांना टाकून देण्याची समजली जात होती तिथे कुटुंबे राहू लागली. मला या साऱ्या इतिहासात हे तंबू सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

१९७५ च्या सुमारास चंदीगडच्या पीजीआय संस्थेने हरियाणातील रायपूर राणी भागात आणि निम्हान्सने बंगळूरजवळच्या सकलवारा येथे खेड्यांतून उपचार करून पाहिले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. १९८५ ते १९९० या काळात कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना शिकवून संपूर्ण जिल्हाभर उपचार देता येतात हे दाखवले गेले, आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला. आज तो देशातील सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. मंजूर आहे, असे मी म्हणते. जागा भरलेल्या असतीलच असे नाही, आणि भरलेल्या बऱ्याचशा कंत्राटी. याबद्दल पुढे बोलेन.

मधल्या काळात काय घडले तेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. रुग्णांना साखळदंडांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात साखळदंडांना मनाई आहे, भूल न देता विजेचे झटके देण्यालाही मनाई आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

श्रद्धास्थानांवरून एक वेगळी गोष्ट सांगते, काहींना ती पटणार नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे, तिथे मानसिक रुग्णांना आणले जाते. तिथे डॉक्टरांनी मुजावरांशी भांडण केले नाही. त्यांनाच प्रशिक्षण दिले आणि आवारातच दवाखाना उघडला. नातेवाइकांनी दुआ करावी आणि औषधही घ्यावे. आमच्यातले कट्टर कार्यकर्ते म्हणतील, ही तडजोड झाली. तडजोड आहेच. पण औषध रुग्णाच्या पोटात गेले. आपल्याकडेही एक वेगळ्या प्रकारची अंधश्रद्धा शिरू पाहते आहे, ती म्हणजे ध्यान केले की सर्व आजार बरे होतात. ध्यानाने मन शांत होते याबद्दल वाद नाही. परंतु विपश्यना केंद्रांच्या प्रवेश अर्जातसुद्धा मानसिक आजाराविषयी विचारलेले असते आणि गंभीर आजार असलेल्यांना शिबिराचा आग्रह केला जात नाही. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या बंद करून कोणालाही शिबिराला पाठवू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. विद्यार्थी मला विचारतील की ताई, वस्तीत समुपदेशन करायला एवढे शिकायची काय गरज? प्रश्न चुकीचा नाही. उलट त्याला भक्कम आधार आहे आणि तो आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. गोव्यातील संगथ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने मानस नावाचा प्रयोग केला. आरोग्यक्षेत्राचे कसलेही शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन आरोग्य समुपदेशक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत अशी समुपदेशक होती तिथे नैराश्य व चिंतेचे सहा महिन्यांत बरे झालेले रुग्ण शंभरात सुमारे ६६, आणि नव्हती तिथे सुमारे ४२. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील गावांमध्ये याच धर्तीवर विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, त्यानंतर नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत आत्मीयता या उपक्रमात गावचीच माणसे एकमेकांचे ऐकून घ्यायला शिकली. तेव्हा दहावी-बारावी झालेल्या आपल्या बायाबापड्या हे काम करू शकतात यात शंका नाही. बायाबापड्यांचे एकमेकींना धीर देणे तर आपण जन्मापासून पाहत आलो.

मग पदव्युत्तर शिक्षण कशाला? कारण त्या प्रत्येक प्रयोगात या कार्यकर्त्यांच्या पाठीशी शिकलेला माणूस होता. कोणाला नुसते ऐकून घेऊन चालेल, कोणाला आजच्या आज डॉक्टरांकडे न्यायला हवे, कोण आत्महत्येच्या काठावर आहे, कोणाला थायरॉइडचा आजार असून तो नैराश्यासारखा दिसतो आहे, हे ओळखायला शिकवणारा आणि दर आठवड्याला कार्यकर्त्यांची प्रकरणे ऐकणारा माणूस हवा असतो. आणि इथे मला जे बोलायचे आहे ते थोडे कडू आहे. समाजसेवेच्या प्रत्येक योजनेत आपली माणसे असतात. ती आशा असतात, मदतनीस असतात, स्वयंसेवक असतात, मानधनावर असतात. त्यांच्या वर बसून प्रशिक्षण देणारा, अहवाल लिहिणारा आणि त्याखाली सही करणारा मात्र बहुतेक वेळा आपल्यातला नसतो. बँकेत मी रोज पाहते की सहीला किंमत आहे. मानसिक आरोग्यातही आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे एखाद्या रुग्णाला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या विनंतीवरून दाखल करायचे असेल, तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते. एक मनोविकारतज्ज्ञ, आणि दुसरा वैद्यकीय व्यवसायी किंवा नोंदणीकृत मानसिक आरोग्य व्यावसायिक. या दुसऱ्या जागेवर मनोरुग्ण समाजकार्यकर्ता बसू शकतो. माणसाचे स्वातंत्र्य महिनाभरासाठी काढून घ्यायचे की नाही, याचा निर्णय ती सही करते. ज्या समाजाला हजारो वर्षे इतरांनी वेडे, मूर्ख, अपात्र ठरवले, त्या समाजातील शिकलेल्या माणसाचा हात त्या सहीवर असावा, असे मला वाटते.

अभ्यासक्रमांविषयी थोडक्यात. पहिली पायरी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, एमएसडब्ल्यू किंवा समाजकार्यातील एम.ए. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिला जाऊ शकतो. मुंबईत टिस आणि १९५५ साली स्थापन झालेले निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ पासूनची कर्वे समाज सेवा संस्था, शिवाय नागपूर व इतर ठिकाणची महाविद्यालये आहेत. वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्य किंवा मानसिक आरोग्य हा विशेष विषय कुठे आहे ते पाहून अर्ज करावा. टिसचा प्रवेश आता सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतो. या शिक्षणाचा गाभा क्षेत्रकार्यात आहे. आठवड्याचे ठरावीक दिवस रुग्णालयात, वस्तीत, शाळेत काम करायचे, घरभेटी द्यायच्या, प्रत्येक भेटीची नोंद लिहायची आणि ती मार्गदर्शकांनी तपासायची. रुग्णाचा इतिहास कसा घ्यावा, कुटुंबाकडे कसे पाहावे, कोणत्या गोळीचे कोणते दुष्परिणाम, अपंगत्वाचे प्रमाणपत्र कसे काढावे, हे सर्व तिथे शिकता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हाही एकवीस प्रकारांपैकी एक आहे, हे आपल्या अनेक घरांना अद्याप माहीत नाही.

त्यापुढची पायरी अडचणीची झाली आहे, म्हणून नीट ऐका. कायद्यातील व्याख्येनुसार मनोरुग्ण समाजकार्यकर्ता म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मनोरुग्ण समाजकार्यातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, तेजपूर, आणि आपल्याकडे पुण्यातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही या शिक्षणाची ठिकाणे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोरुग्ण समाजकार्य या दोन विषयांना पुढे २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुभा देण्यात आली. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या वर्षी त्या संस्थेत कोणता अभ्यासक्रम मान्य आहे हे लेखी विचारून घ्यावे. मानसशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता तपासावी, कारण तिच्या नोंदणीशिवाय चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक आयोगाच्या कायद्यातही मनोरुग्ण समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला आहे. तीन महिन्यांत समुपदेशक करून देतो अशा जाहिराती हल्ली फार येतात. त्या प्रमाणपत्राने घरच्या भिंतीवर चौकट लागेल, कायद्याने मान्य जागा मिळणार नाही. आपल्यातल्या परिचारिका भगिनींसाठी मनोरुग्ण परिचर्येतील पदविका व एम.एस्सी. नर्सिंग हा वेगळा आणि चांगला रस्ता आहे. परदेशात लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन या संस्थांचा जागतिक मानसिक आरोग्याचा संयुक्त एम.एस्सी. आहे, आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारखी सोय असताना तिकडे पाहायला हरकत नाही. पण ज्याला परत यायचे आहे त्यानेच जावे, असे माझे मत.

पैशाचे बोलल्याशिवाय बँकेच्या माणसाचे भाषण पुरे होत नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाला आहे, अर्ज महाडीबीटीवर. ती उशिरा येते आणि तोपर्यंत वसतिगृह-खानावळीचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न जुनाच. फेब्रुवारी २०१८ मध्ये टिसच्या विद्यार्थ्यांनी याच मुद्द्यावर, शिष्यवृत्तीधारकांची वसतिगृह व भोजन शुल्कातील सवलत काढून घेतल्याबद्दल, संप केला होता. शैक्षणिक कर्जाविषयी लोकांना अकारण धास्ती आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी योजना २०१५ पासून आहे, त्यामुळे तारण किंवा त्रयस्थ जामीन मागितला जाऊ नये. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. मात्र या क्षेत्रातील पहिला पगार हप्त्याच्या मानाने लहान असतो. जिल्हा कार्यक्रमातील जागा बहुतांशी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, संस्थांमधील जागा प्रकल्पाच्या निधीवर. म्हणून गरज असेल तेवढेच कर्ज घ्यावे. हे ऐकून कोणी मागे फिरणार असेल तर त्याने आजच फिरलेले बरे.

अभ्यासक्रमातल्या एका उणिवेविषयीही सांगायला हवे. पुस्तकांत दारिद्र्य येते, बेकारी येते, स्त्रीचे दुय्यम स्थान येते, जात मात्र ओझरती येते. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघेही पदव्युत्तर किंवा त्यापुढचे शिक्षण घेत होते. अशा मुलांना ताण सहन झाला नाही एवढेच म्हणून जो समुपदेशक थांबतो, त्याने त्यांचे काहीच ऐकलेले नाही. आपल्या मुलाला वर्गात आडनावावरून हिणवले गेले आणि तो झोपेनासा झाला, तर त्याला झोपेची गोळी लागेलही, पण त्याच्याशी बोलणाऱ्याला त्या आडनावाचा अर्थ माहीत असावा लागतो. आपल्या विद्यार्थ्यांनी या विषयात संशोधन निबंध लिहावेत, तिथे लिहिण्यासारखे पुष्कळ पडून आहे.

एक धोका मात्र आपल्याच माणसात आहे. वस्तीतली मुलगी शिकून वस्तीतच कामाला बसली, तर लोक तिच्याकडे जातील का? ती ज्या चाळीत राहते त्याच चाळीत माझी जाऊ राहते, मी तिला घरातले कसे सांगू, असे बाई म्हणणारच. बँकेत एकाच्या खात्यातली शिल्लक आम्ही त्याच्या सख्ख्या भावालाही सांगत नाही, आणि हे लोकांना माहीत असते म्हणून ते आमच्याकडे पैसे ठेवतात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा २०१७ च्या कायद्याने रुग्णाचा हक्क आहे. पण वस्तीत विश्वास कायद्याने येत नाही, त्याला काही वर्षे लागतात. सुरुवातीला शेजारच्या वस्तीत काम करावे, आपल्या वस्तीत मागाहून यावे, असे या क्षेत्रातल्या एका अनुभवी बाईंनी मला सुचवले होते आणि ते मला व्यवहाराचे वाटते. या कामात असणाऱ्यांच्या मनावरही ओझे येते. दिवसभर दुसऱ्यांची दुःखे ऐकून घरी आले की आपल्याच मुलांचे ऐकवत नाही. म्हणून शिकलेल्या कार्यकर्त्याला स्वतःसाठीही मार्गदर्शक लागतो, आणि तो मागण्यात कमीपणा नाही.

महाराष्ट्रात चांगल्या कामाची उदाहरणे कमी नाहीत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले, ते व्यसनमुक्तीचे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच संस्था १९९० पासून आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार करून घरी पोहोचवण्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुट्टीत अशा एखाद्या ठिकाणी महिनाभर काम करून पाहावे आणि मग हा अभ्यास घ्यायचा की नाही ते ठरवावे. घरात कोणी फार अस्वस्थ असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, फोन मोफत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर खडूने न लिहिता रंगाने लिहावा, अशी कार्यकारिणीला विनंती करते.

प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी विहारात बसेन. येताना पदवीच्या सर्व गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणावा. वैधता प्रमाणपत्र ज्यांनी काढलेले नाही त्यांनी आधी ते काढायला टाकावे, त्याला वेळ लागतो. कर्ज घ्यायचे असेल तर सोबत आईवडिलांपैकी एकाने यावे. मुलींनी वडील तयार नसतील तर आईला घेऊन यावे, कर्जाच्या अर्जावर सहअर्जदार म्हणून आईची सही चालते.

जयभीम.